मडगार्डवरची सही

आमच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा आणि चहा संपायच्या आत मडगार्ड, असा क्रम ठरलेला होता. मडगार्ड म्हणजे सासऱ्यांच्या जुन्या गाडीचं, डाव्या बाजूचं, पुढचं. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. गोल पाठीची, राखाडी, दिवे असे बाहेर आलेले की कुणी डोळे वटारून बघतंय असं वाटावं. घराच्या कडेला पत्र्याची शेड आहे, तिथं ती उभी असायची. आणि त्या डाव्या मडगार्डवर, दिव्याच्या जरा मागे, ताटाएवढा खड्डा.

"ही आमच्या हिची सही," बाबा खड्ड्यावर टिचकी मारून म्हणायचे.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते आणि सासूबाईंना आई. तर बाबांचं आख्यान तिथून सुरू व्हायचं. लग्नानंतर आईंना गाडी शिकायची हौस आली, बाबांनी मोठ्या मनानं शिकवली, आणि पहिल्यांदाच एकटीनं गाडी बाहेर काढताना आईंनी ती फाटकाच्या खांबावर नेऊन घातली. गोष्ट एवढीच. पण चांगला बुवा एका ओळीवर तासभर निरूपण करतो, तसे बाबा त्या खांबापाशी थांबायचे. खांब बिचारा कसा उभा होता, त्याचा काय अपराध होता, आईंनी उतरून आधी खांबालाच कसं विचारलं की बाबा रे, लागलं का. पाहुणे पोट धरून हसायचे. आईही हसायच्या. 'लागलं का' हे शब्द आले की उठायच्या, कप गोळा करायच्या आणि आत जायच्या. त्या दिवसानंतर त्यांनी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

यंदा माझ्या नवऱ्यानं खटपट करून इंजिन पुन्हा सुरू केलं. बाबांना तर आभाळ ठेंगणं झालं. आता गाडी नव्यानं रंगवायची ठरली, म्हणून कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला पत्रा ठोकणारा डेंटर बघायला आला. त्याला सगळे ठोक्या म्हणतात. दुकानावरच्या पाटीवरही त्यानं तेच लिहून घेतलंय. ठोक्यानं गाडीभोवती फेरी मारली, दारं उघडून मिटली, खाली वाकून कुजलेल्या कडा खरवडून पाहिल्या. बाबा त्याच्या मागे मागे.

"सगळी नवी कर," बाबा म्हणाले. "फक्त हा खड्डा तेवढा राहू दे. वरूनच रंग मार."

ठोक्याला वाटलं, चेष्टा करतायत. तो म्हणाला, खड्ड्यावर रंग मारला तर लोक माझ्या नावानं बोटं मोडतील. बाबा म्हणाले, तू काळजी करू नको, लोक नाव हिचंच घेतील.

आई घरी शिवणकाम करतात. त्या वेळी आत कुणाच्या तरी मुलीच्या फ्रॉकचं माप घेत होत्या. गळ्यात टेप तशीच घेऊन त्या बाहेर आल्या. चेहरा शांत, मशीनमध्ये दोरा ओवताना असतो तसा.

"गाडी कुठंही जाणार नाही," आई म्हणाल्या. "पत्र्याचं काम मी करणार. रंगही मीच मारणार. इथं, शेडमध्ये."

बाबा हसले. "अगं, पत्रा आहे तो. झबलं नाही."

"तेच म्हणते मी. झबल्याला झोळ राहिला तर लोक मला परत आणून देतात. तुम्ही इतकी वर्षं झोळ दाखवत फिरताय." मग त्यांनी टेप गळ्यातून काढून हातावर गुंडाळली. "आणि खड्डा निघाला की किल्ली माझी."

"काढून तर दाखव," बाबा म्हणाले. त्यांना वाटलं, आठवडाभराचं खूळ आहे.

मला आतून माहीत होतं की हे खूळ नाही. आईंनी गिऱ्हाइकांना सांगून टाकलं की महिनाभर नवं काम घेणार नाही, आणि मशीनवर चादर घातली. मशीनवर चादर मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिली.

ठोक्या मनाचा मोठा निघाला. हातोड्या दिल्या, पत्र्याच्या मागून धरायचा लोखंडी ठोकळा दिला, आणि अधूनमधून येऊन बघायचं कबूल केलं. पहिल्या दिवशी त्यानं आईंना पत्रा हातानं कसा बघायचा ते शिकवलं. डोळ्यांना रंग फसवतो, म्हणाला. तळव्याखाली पातळ सुती कापड घ्यायचं, डोळे मिटायचे आणि हात सरकवत न्यायचा. उंचवटा कुठं, खोलगट कुठं, ते तळवा सांगतो. आईंनी डोळे मिटले, हात सरकवला आणि दुसऱ्या हातानं शिवणाच्या खडूनं खुणा करत गेल्या. डोळे उघडले तेव्हा सगळ्या दारावर पांढरी वर्तुळं होती. ठोक्यानं स्वतः हात फिरवून पाहिलं आणि फक्त एक वर्तुळ पुसलं.

पहिलं काम खालच्या कुजलेल्या कडांचं. कुजका भाग कापून तिथं नव्या पत्र्याचा तुकडा जोडायचा. आईंनी आधी कागदाचा नमुना कापला, तो जागेवर लावून पाहिला, मग पत्र्यावर ठेवून आखला आणि मोठ्या कात्रीनं कापला. हाताला फोड आला, पण तुकडा असा सफाईदार की मी बघत राहिले. ठोक्या जोडकामाचं यंत्र घेऊन आला आणि तुकडा हातात घेऊन उभाच राहिला.

"काकू, हे चारी बाजूंनी बोटभर जास्त काय आहे?"

"दाब," आई म्हणाल्या. "आत दुमडायला. शिलाईला दाब नको का?"

ठोक्यानं हसू दाबलं, पण खांदे हललेच. पत्र्याला दाब नसतो, त्यानं समजावलं. कड कडेला भिडवायची. एकावर एक चढवलं तर मधल्या फटीत पाणी बसतं आणि आतून परत कुजतं. आईंनी आपल्या तुकड्याकडे पाहिलं. कडेकडेनं त्यांनी शिलाईची रेघसुद्धा मारली होती.

शेडच्या दाराशी बाबांची खुर्ची असायची. पेपर तोंडासमोर, कान आमच्याकडे. त्यांनी हे ऐकलं मात्र, आणि लगेच आपल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आत्याबाईंना फोन लावला. आता गाडीला अस्तर लागणार आहे, काजं-बटणं होणार आहेत, धुऊन आटली तर उसवायला सोय म्हणून दाबही सोडलाय. पलीकडून आत्याबाईंचं हसू आम्हाला शेडमध्ये ऐकू आलं. त्या संध्याकाळी शेजारचे आले, त्यांना एकाच्या जागी दोन गोष्टी मिळाल्या. खांबाची जुनी आणि दाबाची ताजी.

आई त्या दिवशी कप गोळा करायला उठल्या नाहीत. मीच उठले. त्या मागून मोरीपाशी आल्या आणि फोडावर गार पाणी सोडत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आई, जाऊ दे ना, ठोक्याला देऊन टाकू सगळं काम. तोही तयार आहे.

"देऊ की," त्या म्हणाल्या. "मग तो छान करील. आणि हे म्हणतील, हिला काही जमलं नाही, शेवटी माणूस लावावा लागला. आणि मी परत कप गोळा करीन." त्यांनी नळ बंद केला. "हातानं आपोआप दाब सोडला गं. सवय. जन्मभर सगळ्यांसाठी बोटभर जास्तीचं सोडत आले. उद्या रेघेवर कापते."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघेवरच कापलं. कानशीनं कड घासली. तुकडा जागेवर बसला तेव्हा फटीत टाचणीचं टोक जाईना. ठोक्यानं थेंब थेंब करत जोडला आणि जाताना म्हणाला, "काकू, दुकान बंद करायला लावाल माझं."

मग मडगार्डची पाळी आली.

खड्डा कसा काढायचा, ते ठोक्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. मधोमध जिथं सगळ्यात खोल आहे तिथं कधीच ठोकायचं नाही. पत्रा ज्या क्रमानं आत गेला, त्याच्या उलट्या क्रमानं बाहेर येतो. जे शेवटी दबलं ते आधी काढायचं, म्हणजे कड आधी आणि पोट नंतर. आई म्हणाल्या, घरातल्या भांडणाचंही असंच असतं, आपण उगाच पहिल्यापासून सुरू करतो.

मी चाकाच्या पोकळीत हात घालून मागून ठोकळा धरला. आईंनी कडेवर हातोडी मारली. दारावर मारल्यावर टण् असा आवाज यायचा. इथं आला ठप्प. ओल्या लाकडासारखा. आईंनी परत मारली. ठप्प. त्यांनी हातोडी खाली ठेवली, आत गेल्या आणि शिवणाच्या डब्यातलं लोहचुंबक घेऊन आल्या. सांडलेल्या टाचण्या वेचायला असतं ते. बॉनेटला लावलं, चिकटलं. दाराला लावलं, चिकटलं. खड्ड्याच्या भोवती लावलं, आणि ते घसरून जमिनीवर पडलं. जरा वर लावलं, पडलं. दिव्यापाशी लावलं, तिथंही पडलं.

"पत्र्याची गाडी ना ही?" आई हळूच म्हणाल्या.

त्यांनी पातं घेतलं आणि रंग खरवडायला लागल्या. राखाडी रंगाखाली तांबडा थर लागला. त्याच्याखाली पिवळट पांढरा, खडूसारखा भुगा. ती लांबी होती. खड्डे बुजवायला पेंटर लोक लावतात तो मसाला. लावायची असते कागदाएवढी. इथं पातं बोटभर आत गेलं तरी पत्रा लागेना. आईंनी छिन्नी घेतली, तशी बिस्किटाएवढी एक कपची निघून आली, आणि खाली चुरगळलेल्या कागदासारखा पत्रा दिसला.

मी ठोक्याला बोलावून आणलं. बाबा त्या वेळी आत आंघोळीला गेले होते. ठोक्यानं खाली बसून बघितलं, बोट फिरवलं आणि डोकं खाजवलं. मग सांगितलं ते असं. या मडगार्डला पूर्वी कधीतरी जबर ठोका बसलाय. तो कुणी काढला नाही, नुसता लांबीनं बुजवून वर रंग मारला. इतकी जाड लांबी म्हणजे मातीचं भांडं. जरा धक्का लागला की फुटणार.

"तुमचा धक्का एवढासाच, काकू," त्यानं नखाएवढी एक खूण दाखवली. "बाकी ताटाएवढा जो दिसतोय, तो पत्र्याचा खड्डा नाहीच. लांबी तडकून पडली, त्याची जागा आहे ती. मग त्याच्यावर कुणीतरी ब्रशनं रंग फासलाय. हे बघा, ब्रशचा केस अडकलाय अजून."

आई त्या केसाकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांना तो दिवस आठवत होता. त्या खांबाला धडकून घरात रडत बसल्या होत्या, आणि बाबा तेवढ्यात डबा-ब्रश घेऊन शेडमध्ये गेले होते. गंज लागेल म्हणून लगेच रंग मारतो, म्हणाले होते.

"मला वाटलं होतं," आई मला म्हणाल्या, "किती समजूतदार नवरा मिळाला."

त्या ओरडल्या नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं. बाबा आंघोळ करून, केस विंचरून खुर्चीत येऊन बसले. मी चहा आणला. आईंनी ती लांबीची कपची आणली आणि त्यांच्या बशीत, कपाच्या शेजारी ठेवली.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"तुमची सही," आई म्हणाल्या.

बाबांनी कपची उचलली. ओळखली. माणूस खोटं बोलायला लागतो तेव्हा आधी घसा साफ करतो. बाबांनी घसा साफ केला, ठोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्यांना ते जमेना. ठोक्या समजूतदार, म्हणाला दुकान उघडं टाकून आलोय, आणि गेला.

मग बाबांनी सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं. लग्नाच्या आधीची गोष्ट. वडिलांना न विचारता गाडी काढली होती, मित्रांना फिरवायला. एका गोदामाच्या भिंतीवर घातली. वडील म्हणजे जमदग्नी. ते परगावी होते म्हणून निभावलं. एका दुपारी रस्त्यावरच्या एका माणसाकडून खड्डा बुजवून घेतला. वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण रोज भीती, की आज लांबी फुटेल, उद्या फुटेल.

"आणि मग तू खांबाला टेकलीस," बाबा म्हणाले. "बघतो तर लांबी पडलेली. खोटं कशाला बोलू, सुटलो असं वाटलं."

"मामंजी गेल्यावर सांगायला काय झालं होतं?"

बाबांनी कपची बशीत परत ठेवली. "तोवर गोष्ट फार रंगली होती गं."

कीर्तनात सांगतात, देव आतलं बघतो. आतलं बघायला देवच लागतो असं नाही. एखादं टाचण्यांचं लोहचुंबकही पुरतं. पण मला वाटतं, बघितल्यावर काय करायचं, तिथं माणसाची परीक्षा असते. आईंना त्या क्षणी सगळ्या नातेवाइकांना फोन लावता आला असता. त्यांनी जमिनीवर जुनी चादर अंथरली.

"उठा," त्या म्हणाल्या. "सुनेचा हात दुखतोय. आत शिरा आणि मागून ठोकळा धरा."

"मी? या वयात?"

"खड्डा कुठल्या वयात पाडलात?"

बाबा उठले. चाकाच्या पोकळीत खांदा घालून, चादरीवर आडवे झाले, आणि ठोकळा धरला. आता बाहेरून त्यांचे फक्त पाय दिसत होते. आईंनी सगळी लांबी छिन्नीनं उडवली आणि उलट्या क्रमानं सुरुवात केली. त्यांच्या स्वतःच्या धक्क्याची खूण चार ठोक्यांत सपाट झाली. उरलेला सगळा बाबांचा होता. तो काढायला कितीतरी दिवस गेले. आई ठोकायच्या, आतून बाबांचा आवाज यायचा, जरा हळू, कान फुटतील. आई म्हणायच्या, ठोकळा नीट धरा, इतकी वर्षं मी ऐकलं, आता तुम्ही ऐका. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत दोघांना लय सापडली. टाळ धरणाऱ्याला मृदंगाचा हात कळतो, तसा बाबांना आईंच्या हातोडीचा अंदाज यायला लागला. ती पडायच्या आधीच ठोकळा तिथं असायचा. आणि पत्रा टण् वाजायला लागला.

आईंनी लांबी लावली, पण कागदाएवढी. वर काळ्या रंगाची नुसती धूळ फवारली आणि पाण्यानं पॉलिशपेपर मारायला घेतला. घासताना काळं जिथं राहतं तिथं खोलगट, हे ठोक्यानं सांगितलेलं. दिव्यामागे नखाएवढं काळं हटेना. बाबा म्हणाले, एवढं कुणाला दिसतंय. आईंनी रिकामी बादली त्यांच्यापुढे सरकवली. बाबा ती भरून आणायला गेले.

रंगावरून शेवटची झुंज झाली. बाबांना मूळचा राखाडीच हवा होता. आत्याबाईंचाही फोन आला, आमच्या वडिलांची गाडी राखाडी होती, तशीच राहिली पाहिजे. आईंनी शिवणाच्या डब्यातून दोऱ्याचं एक डाळिंबी रीळ काढलं आणि रंगाच्या दुकानात नेऊन दिलं. अगदी असा, म्हणाल्या.

आत्याबाई फोनवर म्हणाल्या, "वहिनी, या वयात डाळिंबी?"

"वन्सं, रंग गाडीला मारायचाय," आई म्हणाल्या. "आणि तिचं वय तुमच्याएवढंच आहे. तिनं काही तक्रार केलेली नाही."

शेड आतून प्लॅस्टिकनं मढवली, धूळ उडू नये म्हणून जमीन ओली केली, फवाऱ्याचं यंत्र ठोक्यानं आणून दिलं. आई तोंडाला मास्क, डोक्याला फडकं बांधून उभ्या राहिल्या तेव्हा घरात दरोडा पडलाय असं वाटलं. पहिला हात छान बसला. दुसऱ्या हाताला त्या मडगार्डपाशी रेंगाळल्या, त्या एवढ्या जागेवर माया जास्त झाली, आणि रंगाचा एक ओघळ सुटला. आईंनी यंत्र बंद केलं. वाळू दिला, घासला, परत मारला. चुकलं, असंही त्या म्हणाल्या नाहीत. बाबांनी या वेळी कुणाला फोन लावला नाही.

गाडी बाहेर काढायच्या दिवशी आत्याबाई मुद्दाम आल्या. शेजारचे कुंपणापाशी जमले. डाळिंबी रंगावर ऊन पडलं तशी ती गोल पाठीची गाडी अशी दिसत होती की आत्याबाईंनी राखाडीचा विषयच काढला नाही. त्या मडगार्डवर सगळ्यांनी हात फिरवून पाहिला. माझ्या नवऱ्यानं डोळे मिटून फिरवला, आणि आईंकडे बघून मान डोलावली.

किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला होती. ती नेहमी बाबांनीच काढायची. बाबा किल्ली घेऊन आले आणि आईंसमोर धरली, पण मूठ अर्धीच उघडली.

"असं करू," ते म्हणाले. "फाटकातून मी काढून देतो. पुढं रस्त्यावर तू घे. खांब जवळ आहे ना."

"खांब जवळ आहे म्हणूनच मी काढणार," आई म्हणाल्या आणि मूठ उघडून किल्ली घेतली.

त्या स्टिअरिंगमागे बसल्या. साडीचा पदर खोचला, आरसा हलवला, सीट पुढं ओढली. इतक्या वर्षांत कुणी ती सीट पुढं ओढली नव्हती. ती करकरत आली. बाबा सवयीनं खांबापाशी जाऊन उभे राहिले आणि हातानं खुणा करायला लागले, डावीकडे, डावीकडे, थांब. आईंनी काच खाली केली.

"एक तर बाजूला व्हा, नाहीतर आत येऊन बसा."

बाबा वळसा घालून आले आणि शेजारच्या सीटवर बसले. त्या बाजूनं दार आतून कसं ओढायचं तेही त्यांना ठाऊक नव्हतं. आईंनी हात लांबवून ओढलं. गाडी पुढं सरकली. आत्याबाईंना राहवेना. कुंपणापासून त्या म्हणाल्या, "वहिनी, जपून हं. मागच्या वेळी तुम्हीच तो खड्डा पाडलात..."

गाडी खांबाच्या शेजारी आली होती. मडगार्ड आणि खांब यांच्यात वीतभर अंतर. बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तिनं नाही, ताई," ते मोठ्यानं म्हणाले, कुंपणापर्यंत जाईल असं. "तो मी पाडला होता. आमचं लग्न व्हायच्या आधी. गोदामाच्या भिंतीवर. काय झालं होतं माहितेय का, आपले वडील परगावी गेले होते आणि मी..."

"नंतर सांगा," आई म्हणाल्या. नजर रस्त्यावर. "गाडी चालवताना मला बडबड चालत नाही."

बाबांनी डोकं आत घेतलं. वीतभर अंतर राखून डाळिंबी मडगार्ड खांबाला मागे टाकून गेलं, आणि आईंनी रस्त्याच्या त्या टोकाला वळताना हॉर्न वाजवला, गरज काहीच नव्हती तरी.